मावशींची नाताळची यादी

दिवाळीच्या फराळाचे डबे घासून पालथे पडले की आमच्या कुंपणाशी नाताळची बोलणी सुरू होतात. कुंपण आपलं नावालाच. जास्वंदीची चार झाडं, शेवग्याचे दोन खुंट आणि मधून गेलेली गंजकी तार. वसईच्या पश्चिम पट्ट्यात जुन्या वाड्यांना अशीच कुंपणं असायची. आता भिंती आल्या, भिंतींवर कॅमेरे आले. आमची तार टिकली, कारण भिंतीचा खर्च कुणी करायचा यावर दोन्ही घरांचं कधी एकमत झालं नाही.

पलीकडे मावशी. कुपारी ख्रिस्ती घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, अजून लाल लुगड्यात वावरणाऱ्या. घरात सामवेदी बोलतात, माझ्याशी मराठी आणि मांजराशी दोन्ही. परवा जास्वंद छाटायचं निमित्त करून त्यांनी हाक मारली.

“यंदा मार्झिपान नाही हं. आधीच सांगून ठेवते, मग ताटात शोधत बसशील.”

मी कपडे वाळत घालत होते, ते तसेच राहिले. मावशींचं मार्झिपान आमच्या घरी मोजून वाटलं जातं. काजू मऊ वाटून, साखरेत आटवून, रबराच्या साच्यातून काढलेले गुलाबी मासे आणि फिकट हिरवी पानं. माशाचं डोकं कुणाचं यावरून आमच्याकडे भांडणं झालेली आहेत.

“का हो?”

“काजूचा भाव विचारलास? हजाराच्या घरात गेलाय किलो. बटर तसंच. अंडी तर थंडी पडली की चढतातच, आणि डिसेंबरात सगळ्या जगाला केक करायचा असतो. कुठंतरी हात आखडायलाच हवा.”

“मग शेंगदाण्याचं करा की. कोपऱ्यावरच्या घरी करतात म्हणे.”

“करतात, आणि काजूचं म्हणून वाटतात.” मावशींनी कात्री थांबवली. “मी खाल्लंय. दाताखाली आलं की कळतं. नसेल परवडत तर नाही करू. सोंग कशाला आणायचं?”

कोपऱ्यावरच्या घराचा विषय निघाला की तो लवकर संपत नाही. त्यांनी यंदा केक म्हणे मुंबईहून मागवलाय, तीन मजली, वर साखरेचा सांताक्लॉज. झाड भाड्यानं आणलंय. झाड भाड्यानं मिळतं हे मला नवीनच होतं. मुलगा जहाजावर असतो, पैसे येतात, करू देत, असं मी म्हटलं. मावशी म्हणाल्या, करू देत की, पण त्याच बाई गेल्या आठवड्यात भिशीतून उचल मागत होत्या.

ही भिशी म्हणजे मावशींचं राज्य. आळीतल्या दहाबारा जणी जानेवारीपासून महिन्याला पाचशे रुपये टाकतात. चिठ्ठी निघत नाही, लिलाव नाही, मधेच कुणाला उचल नाही. आगमनकाळ सुरू झाला, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार असतात त्यातला पहिला आला, की सगळ्यांचं एकदम फुटतं. अकरा महिन्यांचे साडेपाच हजार प्रत्येकीच्या हातात. बँकेत ठेवलं तर व्याज मिळेल, असं मावशींच्या सुनेनं एकदा सुचवून पाहिलं. बँकेतून काढताना कुणी विचारत नाही, भिशीतून काढायला गेलं तर अकरा जणी विचारतात, असं उत्तर तिला मिळालं. सून ठाण्याला नोकरीला जाते, हिशेबाची आहे. ती गप्प बसली, पण पटलं म्हणून नव्हे.

मावशींची यादी मी पाहिलेली आहे. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं. कुणाच्याही यादीत मैदा, साखर, रवा, बटर अशी सुरुवात असते. यांच्या यादीत पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं ‘दुसऱ्यांचं’ आणि पुढे आकडा, दीड हजार. मैदा दुसऱ्या ओळीत.

“सून म्हणते, आधी घरचं सगळं होऊ दे, उरेल त्यातून देऊ.” मावशी हसल्या. “अगं, उरतं कधी? नाताळच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरात काय उरलेलं बघितलंयस? कलकल उरतात, तेही तळाचे, करपलेले. तेच द्यायचे का मग?”

आता साडेपाचातून दीड गेले की चार हजार उरतात, आणि त्या चार हजारांत मावशी जे बसवतात ते बघायला तारेपलीकडे जावं लागतं. नारळ वाडीतले. यंदा बाजारात नारळाला हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे मावशी झाडांकडे जरा जास्तच मानानं बघतात. मनुका-बेदाणे विकत आणायचे निम्मे, बाकीची सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात गुंडाळलेली ही वसईची सुकेळी मुंबईकर खाऊ म्हणून भाव देऊन नेतात. मावशी ती बारीक चिरून रममध्ये भिजवतात आणि केकमध्ये घालतात. खजुरासारखी लागतात, थोडी जास्त चिवट. मला विचाराल तर मनुकांपेक्षा बरी.

टुटीफ्रुटी पण घरचीच. बाजारातली तरी कशाची असते, कच्च्या पपईचीच की. मावशींच्या मोरीशेजारी एक पपई आहे. तिची फळं पिकू न देता उतरवायची, साल काढून वाटाण्याएवढे चौकोनी तुकडे करायचे. मग चुन्याच्या निवळीत भिजत घालायचे, म्हणजे पाकात विरघळत नाहीत. तीन पाणी बदलून धुवायचे, चुन्याची चव राहता कामा नये. उकडून पारदर्शक झाले की साखरेच्या पाकात रात्रभर. सकाळी पाकाचे तीन वाटे, एकात लाल रंग, एकात हिरवा, एक तसाच. मग ताटात पसरून वाळवणं, आणि हे सगळ्यात अवघड, कारण मुंग्या, मांजर आणि माझी मुलं या तिघांवर एकाच वेळी लक्ष ठेवावं लागतं.

“मुलं किती खातात ते मी धरूनच करते,” मावशी म्हणाल्या. “एक पपई जास्त.”

केक घरच्या ओव्हनमध्ये होत नाहीत. टिन भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. वीज वाचते आणि भट्टीच्या केकला तळाशी जो खरपूसपणा येतो तो घरी येत नाही. एका वर्षी चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या आणि आळीत केकची अदलाबदल झाली. कुणाच्या केकमध्ये अंडी कमी घातलेली आहेत हे त्या वर्षी जाहीर झालं. नाव मावशींनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही. अजून तारेवरून वाटी जाते-येते आमची.

कलकलांचा दिवस मात्र सगळ्यांचा. सहा घरांनी मिळून मैदा, रवा आणि साखर ठोक भावानं आणायची, एका घरचा गॅस, दुसऱ्या घरचं तेल, तिसऱ्या घरच्या पोरांचे हात. नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवून अंगठ्यानं दाबत पुढे सरकवली की शिंपल्यासारखी रेघारेघांची गुंडाळी होते. काटे कमी पडतात म्हणून माझी मुलं नवा कोरा कंगवा घेऊन जातात. त्यांचे कलकल तळताना उलगडतात, मावशी ते वेगळे काढतात. ते आपल्याला. वाटायच्या पाकिटात जातात ते अख्खे. या बाबतीत बाई फार कडक आहेत. शेजारच्या ताटात जे जाईल तेच आणि तसंच त्या दीड हजारांच्या पाकिटात गेलं पाहिजे.

तर ते दीड हजार कुठे जातात, ही माझी जुनी उत्सुकता. मावशी थेट सांगत नाहीत. थोडे चर्चच्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत जातात हे मला ठाऊक आहे, कारण दर आठवड्याला त्या सभेला जातात आणि येताना बातम्या आणतात. ही सोसायटी मूळची पॅरिसची. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्यानं १८३३ साली मित्रांना घेऊन सुरू केली. नियम तेव्हापासूनचा, की गरजवंताला बोलावून द्यायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, आणि एकट्यानं नव्हे, दोघांनी. मावशींची जोडी आहे मागच्या गल्लीतली एक निवृत्त बाई. दोघी छत्र्या घेऊन निघाल्या की लोक समजतात, हिशेब मागायला चालल्यात.

“आणि सभेच्या शेवटी पिशवी फिरते,” मावशी सांगत होत्या. “कापडाची. सगळ्यांनी मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. कुणी शंभर टाकले, कुणी काहीच नाही, कुणाला कळत नाही. ज्या घरी यंदा अडचण आहे, तीसुद्धा मूठ घालते. आणि कधीकधी, आता तुला म्हणून सांगते, मूठ भरून बाहेर येते एखादीची.”

“म्हणजे कुणी काढून घेतं?”

“मी बघत नाही. कुणीच बघत नाही. तुला काय करायचंय?”

मला खूप काही करायचं होतं, पण विषय संपला होता.

मग मी मुद्दाम त्या कांबळंवाल्यांचा विषय काढला. आमच्या स्टेशनरस्त्याला एक गृहस्थ आहेत, दर डिसेंबरला टेम्पो भरून कांबळी वाटतात. टेम्पोवर फलक, फलकावर त्यांचा फोटो, आणि प्रत्येक कांबळ्यासोबत घेणाऱ्याचाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर.

“थंडीनं कुडकुडणाऱ्या म्हातारीला म्हणतात, जरा हसा.” मावशींनी एक फांदी खाडकन तोडली. “संत निकोलास कोण होता? ज्याचा तुम्ही सांताक्लॉज करून बेकरीत उभा केलाय, तो. मायराचा बिशप, आताच्या तुर्कस्तानात आलं ते. एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंडा नाही म्हणून लग्न अडलेलं. हा रात्री जाऊन खिडकीतून मोहरांची पिशवी आत टाकायचा. रात्री का? दिवसा गेला असता तर त्या मुलींची गावात काय शोभा राहिली असती?”

गोष्ट छान आहे, आणि निकोलासचा सण येतोही नाताळच्या आधी, ६ डिसेंबरला. पण मला कांबळंवाल्यांचं इतकं वाईट वाटत नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. फोटो बघून दुसरे चार जण पैसे देतात. टेम्पोभर कांबळी खरीच असतात, अंगावर घेतली की ऊब फोटोवाल्याचीही तेवढीच लागते. मावशींच्या गुपचूप पाकिटांनी टेम्पो भरत नाही.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “खरं आहे. म्हणून मी त्यांच्या टेम्पोत पण शंभर रुपये दिले. फोटोला उभी राहिले नाही.”

यावर काय बोलणार?

बाकीच्यातले काही पैसे वीटभट्टीवर जातात, हे त्या दिवशी कळलं. वसईच्या पूर्वेला, पारोळच्या बाजूला, भात कापून झालं की भट्ट्या लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी-वारली कुटुंबं मुलाबाळांसकट येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. बहुतेकांनी मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते, लग्नासाठी, आजारपणासाठी, सणासाठी. मग सहा-सात महिने ती फेडत विटा पाडायच्या. डिसेंबरच्या रात्री तिथं उघड्यावर झोपणं काय असतं, ते मावशींना ठाऊक आहे. लहानपणी त्यांच्या वाडीतही पहाटे पाणी लावायला जावं लागायचं.

“गेल्या वर्षी कुणीतरी तिथं जुने कपडे नेऊन टाकले. त्यात काय होतं सांगू? जरीचा घागरा! टिकल्यांचा. लग्नातला असेल, आता होत नसेल अंगाला. ती बाई डोक्यावर विटा वाहते, ती घागरा घालून वाहणार?”

“मग तुम्ही काय देता?”

“काय लागतं ते विचारते. तिथल्या बायकांनी पहिल्या वर्षी काय मागितलं माहीत आहे? केसांना लावायचं तेल. माती बसून केसांच्या जटा होतात. आणि पोरांना चपला. भट्टीजवळची जमीन तापते. कांबळी त्यांच्याकडे होती, तीन जणांनी तीनदा दिलेली.” मग त्यांनी आवाज उतरवला. “आणि मी कुणाला नाताळ म्हणून देत नाही हो. नाताळ माझा. त्यांना तेल हवंय, तेल देते. पाकिटात कलकल असतात, ते आपले तोंड गोड करायला.”

हे एवढं होऊनही दीड हजारातले पाचशे शिल्लक असतात, आणि ते मावशी डिसेंबरात खर्च करत नाहीत. इथं मात्र मी खरोखर कान टवकारले. ते पाचशे जातात ऑगस्टमध्ये. भट्टी बंद झाली, माणसं डोंगरात परतली, लावणी आटोपली, की हाताला काम नसतं आणि भात दसऱ्याशिवाय हाती येत नाही. घरातलं धान्य नेमकं त्याच महिन्यांत तळाला जातं. १९९२ साली जव्हारजवळच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. मावशींना तो पावसाळा आठवतो. तेव्हा आपल्याकडं तांदूळ होता गं, त्या म्हणाल्या, कुणी सांगितलंच नाही. तेव्हापासून डोंगराकडं मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या सिस्टरांकडे त्यांचे ऑगस्टचे पैसे जातात. आधी शंभर असायचे, आता पाचशे.

“डिसेंबरात सगळेच देतात. केक, कांबळी, फुगे. ऑगस्टात कुणाला नाताळ आठवतो?”

सुनेचा हिशेब इथं कामाला आला, हे सांगायलाच हवं. तिनं तिच्या ऑफिसातल्या चौघींना गाठलं, त्या ऑगस्टला थेट संस्थेच्या खात्यावर भरतात. पावती येते, आणि रोख दोन हजारांच्या वर दिलं तर करात सूट नाही, तेव्हा ऑनलाइनच भरा, हे तिनंच सगळ्यांना समजावलं. मावशींना पावतीचं फार कौतुक नाही. पण सुनेचं आहे, फक्त तिच्यासमोर बोलत नाहीत. मी हे तिला सांगायचं की नाही याचा विचार करतेय.

तेवढ्यात मावशींचा नातू पेंढ्याची काडी नाचवत आला. त्याच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलंय, रोज एखादी चांगली गोष्ट करा, आणि एकेक काडी गव्हाणीत टाका, म्हणजे चोवीसच्या रात्री बाळ येशूला मऊ गादी होईल. या पोरानं चार दिवसांत गादी उशीसकट तयार केलीय. चांगल्या गोष्टी कोणत्या, असं मी विचारलं. तर बहिणीला मारलं नाही ही एक, दुसऱ्या दिवशीही मारलं नाही ही दुसरी.

“घे, हा गोठा घरचा,” मावशी म्हणाल्या. “आणि तिकडं बघ.” त्यांनी मैदानाकडे हात केला. तरुणांच्या गटानं गोठ्याची तयारी सुरू केली होती. आमच्याकडे गोठे बघायला लोक गाड्या करून येतात, गावागावांत स्पर्धा असतात. बांबू, गोणपाट, कारंजं, वळवून आणलेला ओढा, फिरत्या दिव्यांचे तारे. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात पहिला गोठा मांडला, त्यात गवत होतं, एक बैल आणि एक गाढव. यंदाच्या आमच्या गोठ्यात, मावशींच्या माहितीनुसार, धबधबा आहे.

“धबधब्याला मोटर लागते. मोटरचे पैसे कुठून आले?”

मला कल्पना नव्हती.

“कॅरल गाणाऱ्या मुलांचे. गेल्या वर्षी घरोघर फिरून जमवले ना, सांताक्लॉज बरोबर घेऊन? तेव्हा म्हणाले होते, डायलिसिसवाल्या पोराला देणार. अर्धे दिले. मी त्याच्या आईला विचारलं, अर्धेच पोचले. अर्ध्यांचा हा धबधबा.”

“तुम्ही बोललात का त्यांना?”

“बोलते की. यंदा येऊ देत दारात गायला. गाणं पूर्ण ऐकेन, खायला फुग्या देईन, चहा देईन. आणि मग वही मागेन.” मावशींनी छाटलेल्या फांद्या गोळा केल्या. “तू पण माग. तुझ्याकडे माझ्या आधी येतात ते, तुमच्या गेटला कडी नाही म्हणून. आणि हो, ती स्टीलची चपटी वाटी तुझ्याकडे राहिलीय, चिवड्याची. कलकल देऊ कशात?”